गाडी वेळेवर, आबा उशिरा

अख्ख्या सातारा-सांगली मुलखात आयुष्यात एकदाही गाडी न चुकलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो सहसा कुठं जात नसे. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, सासरे ते. सगळं गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणत आलो. सहा फूट उंची, पांढऱ्या गलमिशा, डोक्याला तांबडा पटका, आणि बंडीच्या खिशात बटाट्याएवढं निकेलचं घड्याळ. त्याची टिकटिक इतकी मोठी की आबा आल्याचं आंधळ्यालाही कळावं. पलूसच्या बाजूला जाऊन तुम्ही माझं हे पहिलं वाक्य कुणाला ऐकवलंत, तर तो हसेल आणि म्हणेल, "एकदा चुकली हुती की आबाची गाडी!" त्याचं खोटं नाही, आणि माझंही खोटं नाही. हे दोन्ही खरं कसं, ते सांगायला मला चार वर्षं लागली. आबा असते तर म्हणाले असते, "मास्तर, लय उशीर केला."

आबांचा एकच नियम होता: गाडी कुठलीही असो, सुटायच्या तीन तास आधी आपण तिथं असायचं. आगगाडी असो, सर्व्हिस मोटार असो, शेजाऱ्याची बैलगाडी असो, तीन तास म्हणजे तीन तास. शेजाऱ्याच्या बैलगाडीच्या बाबतीत याचा अर्थ असा होई, की शेजारी झोपेतून उठून दार उघडी तेव्हा आबा जूवर बसून सुपारी कातरत असत. माझ्या बहिणीच्या लग्नात या नियमाचा आम्हाला पहिला प्रसाद मिळाला. आमचं गाव साताऱ्याच्या अलीकडे. लग्न गुरुवारचं. बुधवारी सकाळी माझे वडील अंगणात न्हाव्यापुढं बसले होते, अर्ध्या गालाला साबण होता, आणि वेशीतून वाजंत्री ऐकू आली. ऐंशी माणसांचं वऱ्हाड घेऊन आबा एक अख्खा दिवस आधी येऊन ठेपले होते. पहिल्या गाडीतून उडी टाकून त्यांनी विचारलं, "रामराम पाव्हणं! उशीर तर न्हाई ना झाला?" मांडवाचे वासे अजून परसात आडवे पडले होते. शेवटी वऱ्हाडातल्याच मंडळींनी खड्डे खणले, आणि आमच्या दाजींनी, म्हणजे खुद्द नवऱ्या मुलानं, बाशिंग बांधायच्या आदल्या दिवशी आपल्याच लग्नाच्या मांडवाचा बांबू धरून ठेवला. आईनं ऐंशी माणसांना पिठलं-भाकरी वाढली आणि वडिलांशी दोन दिवस बोलली नाही. वडिलांनी जरा आडून विषय काढला, तर आबा म्हणाले, "वाटंत बैल लंगडला असता तर? आख मोडला असता तर? मोडला न्हाई, ह्यात माझा काय गुन्हा?"  

हा नियम आबांनी पहिल्या जागतिक लढाईत, इराकातल्या बसऱ्याला शिकून घेतला होता, आणि त्याची कथा त्यांनी मला वीसेक वेळा तरी सांगितली असेल. तिथं एक आगबोट ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी सुटली. आबा आत होते. त्यांचा जोडीदार चहा प्यायला धक्क्यावर उतरला होता, तो तिथंच राहिला. इथं आबा थांबत, पटका काढून गुडघ्यावर ठेवत, आणि समोरचा माणूस श्वास रोखून विचारी, "मग? त्याचं काय झालं?" "काय व्हायचंय?" आबा म्हणत. "दोन म्हयन्यांनी आला दुसऱ्या बोटीनं. त्याला तिथं सायबाच्या कोठीवर काम मिळालं. कोंबडी खाऊन ह्यो असा फुगून आला." "मग बरंच झालं की आबा!" "बरं झालं, व्हय," आबा मान हलवत, "पर बोट चुकली ती चुकलीच की रं गड्या." जोडीदाराच्या सुखापेक्षा त्या चुकलेल्या बोटीचं दुःख त्यांना तीस वर्षं पुरलं.

आबांचा खरा सुकाळ सुरू झाला तो दुसरी लढाई संपल्यावर. सगळ्यांना वाटलं होतं की लढाई थांबली, आता गाड्या पहिल्यासारख्या धावतील. पण लढाई थांबली एका दिवसात आणि गाड्या काही सुरू होईनात. पेट्रोल मिळेना म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवरच चालत होत्या. मागं बॉयलरसारखं पिंप, त्याच्या भात्याचं चाक क्लीनर फिरवतोय, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. आगगाड्यांचे डबे लष्कराकडे अडकलेले. आज असलेली गाडी उद्या नसे, परवा ती वेगळ्याच वेळेला येई. अशा दिवसांत आबांनी चुलीच्या काजळीनं एक फळी काळी केली, मोटार थांबते तिथल्या चिंचेला ती टांगली, आणि रोज सकाळी तिच्यावर खडूनं त्या दिवसाचं भविष्य लिहायला सुरुवात केली. पहाटे उठून ते तीन मैल चालत स्टेशनावर जात, स्टेशनमास्तरांना विचारत, येताना रस्त्यात भेटेल त्या ड्रायव्हरला थांबवत, आणि परत येऊन पाटी भरत. पाटीवर शेरे चारच असत: वेळेवर, उशिरा, रद्द, आणि देवाला ठाऊक. कराडच्या मोटारीपुढं बारा महिने चौथा शेरा असे. तिचा ड्रायव्हर एकदा चिडून चिंचेखाली आला. "आवं आबा, रोज द्येवाला ठाऊक लिवता, मानसं बसंनात की माझ्या मोटारीत!" आबांनी शांतपणे खडू खिशात टाकला. "तू येळेवर आण. मी द्येवाला सुट्टी देतो."

या सगळ्यात माझं काम होतं पुस्तकाचं. मी सांगलीच्या शाळेत मास्तर. रेल्वेचं वेळापत्रक इंग्रजीत छापलेलं, आणि आबांना इंग्रजी येत नसे. तेव्हा नवं पुस्तक निघालं की मी ते घेऊन जायचं आणि सोप्यात बसून वाचून दाखवायचं. आबा हातपाय धुऊन, मांडी घालून, पटका नीट करून समोर बसत. शेजारच्या दोन म्हाताऱ्या पोथी चालू आहे समजून येऊन बसत आणि मिरजेला गाडी बदलायची वेळ आली की हात जोडत. दोन महिन्यांनी मी पुन्हा नवं पुस्तक नेलं, तेव्हा आबांनी जुनं आणि नवं दोन्ही हातांत तोलून पाहिलं. "पोथी कदी बदलत न्हाई. ह्ये दर म्हयन्याला बदलतंय. म्हंजे ह्ये मानसानं लिवलंय," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून छापील वेळेवरचा त्यांचा उरलासुरला विश्वास उडाला. माझा मात्र होता. मी शिकलेला होतो. छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवायचा नाही तर शिकायचं कशाला, असं मला वाटे, आणि आबांच्या तीन तासांना मी मनातल्या मनात हसे. कधी कधी शाळेत त्यांची नक्कलही करून दाखवी. 

आता घड्याळाचं सांगितलं पाहिजे. लढाईच्या दिवसांत सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं सरकवली होती. तेव्हापासून आमच्याकडे दोन वेळा चालत, एक सरकारची आणि एक सूर्याची. "सरकारनं तास पुढं न्हेला, पर कोंबड्याला कुणी कळवलं?" असं आबा म्हणत, तरीही गाड्या सरकारच्या म्हणून त्यांचं घड्याळ सरकारी वेळेवर चाले. लढाई संपल्यावर सरकारनं तो तास परत मागं घेतला. नेमकं त्याच्या थोडं आधी आबांचं ते बसऱ्याहून आणलेलं निकेलचं घड्याळ बंद पडलं होतं, आणि त्यांनी ते माझ्याकडे दिलं होतं. सांगलीच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी ते दुरुस्तीला टाकलं. देताना आबांनी ते रुमालात गुंडाळलं, वर गाठ मारली, आणि म्हणाले, "मास्तर, पोर दवाखान्यात ठेवल्यागत ठेवा."

याच सुमाराला दाजींचं पत्र आलं. दाजी पलटणीत हवालदार. लग्नानंतर जेमतेम एक रजा मिळाली होती, मग पलटण इटलीत गेली, आणि मागं अक्काला मुलगी झाली. ती आता दीड वर्षाची होती, अंगणभर धावत होती, आणि बापानं तिला पाहिलं नव्हतं. पलटण परत येऊन बेळगावात थांबली. रजा मिळेल, मिळेल, म्हणता रजा रद्द झाली आणि पुढं ब्रह्मदेशात जायचा हुकूम निघाला. दाजींनी लिहिलं होतं: मंगळवारी आमची मिलिटरी गाडी पुण्याकडं जाणार. तुमच्या स्टेशनावर इंजिनाला पाणी घ्यायला अकराला थांबेल, दहा मिनिटं. पोरीला घेऊन या. मी डाव्या अंगाला दारात उभा असतो.

दहा मिनिटं. आबांनी ते पत्र स्वतः वाचलं, मग माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग अक्कानं दशम्या केल्या, लाडू केले, पोरीला नवं परकर-पोलकं शिवलं, आणि आबांनी पाटीवर आठ दिवस आधीच लिहून टाकलं, "मंगळवार. मिलिटरी गाडी. अकरा." त्यापुढं शेरा लिहिला नव्हता. तो गाडी आल्यावर लिहायचा होता.

सोमवारी मी कारागिराकडून घड्याळ घेतलं आणि दुपारच्या मोटारीत बसलो. घड्याळ छान चालत होतं. मोटारीत माझ्या मनात विचार आला, की हे दुरुस्तीला टाकलं तेव्हा लढाईचा तास चालू होता. म्हातारा कारागीर, त्याला काय माहीत, त्यानं काटे तसेच ठेवले असणार. मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस. मला माहीत होतं. तेव्हा मी मोठ्या ऐटीत काटा एक तास मागं फिरवला. कारागिरानं तो आधीच मागं घेतला होता. त्याला एकदा विचारावं, मोटारीत कुणाला वेळ विचारावी, हे मला सुचलं नाही, कारण ज्याला माहीत आहे त्यानं विचारायचं कशाला? संध्याकाळी मी घड्याळ दिलं. आबांनी काट्यांकडं पाहिलंच नाही, कानाला लावलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "जितं हाय."

मंगळवारी स्टेशनावर गाडीनंच जायचं म्हणून आबांनी पहाटेची पायी फेरी टाकली होती, आणि बैलांना वैरण घालून ते गाडी जुंपायला तयार. "चला मास्तर, सातला निघू." मी हसलो. अगदी समजूतदार माणसासारखा हसलो. "आबा, पोर लहान आहे, गारठा आहे. हल्ली कुठली गाडी वेळेवर येते? तुम्हीच तर लिहिता पाटीवर. नऊला निघू, दहाला पोचू. एक तास आधी पुष्कळ झाला." आबांनी अक्काकडं पाहिलं. अक्का म्हणाली, "मामंजी, तुमी म्हनाल तसं." पोर शिंकली. आणि आयुष्यात पहिल्यांदा आबांनी आपला नियम मोडला. "शिकल्याल्या मानसाचं ऐकावं एकांद बार," ते म्हणाले, आणि ओट्यावर बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी उंबऱ्याकडं बोट केलं. "मास्तर, ऊन उंबऱ्याच्या आत आलं. घड्याळात आठच कसं?" मी त्यांना भूगोल शिकवला. थंडीत सूर्य दक्षिणेकडं सरकतो, ऊन तिरकं पडतं, म्हणून ते आत येतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. आबा उन्हाकडं बघत राहिले, मग घड्याळाकडं.

पोरीचं आवरता आवरता निघायला सव्वानऊ झाले. दोन मैल गेल्यावर उसाच्या फडांपलीकडं धूर दिसला. "धूर कुनाचा?" आबांनी विचारलं. "मालगाडी असेल आबा. आपल्याला अजून तासभर आहे."  आबा गाडीत उभे राहिले, पटका सोडून बाजूला टाकला आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. बैलांना त्यांनी असं पळवलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. लाडवांचा डबा गाडीत घरंगळत होता, पोर रडत होती, अक्का तिला छातीशी धरून पुढं बघत होती. मी मागं बसून अजूनही म्हणत होतो, "अहो आबा, सावकाश, वेळ आहे."

स्टेशनात शिरलो तेव्हा फलाट रिकामा होता. पाण्याच्या नळातून अजून ठिबकत होतं. आबांच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. स्टेशनाच्या घड्याळात सव्वाअकरा. हमाल आमच्याकडे आला आणि त्यानं अक्कापुढं एक पुडकं धरलं. "हवालदारांनी दिलंय. गाडी हलली तरी दारात हुते, बाई. लय वाकून बघत हुते." पुडक्यात बेळगावचा कुंदा होता, आणि लोकरीचे पायमोजे, तान्ह्या मुलाच्या पायाला होतील एवढे. दीड वर्षाच्या पोरीची त्यात दोनच बोटं गेली. त्यांच्या डोक्यात ती अजून पाळण्यातच होती.

आबांनी स्टेशनाचं घड्याळ पाहिलं. हातातलं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. बरोबर एक तास. त्यांना सगळं समजायला तेवढं पुरेसं होतं. अक्कानं विचारलं, "मामंजी, गाडी लवकर आली व्हय?" मी तोंड उघडलं. पण आबा आधी बोलले. "न्हाई सूनबाई. गाडी येळेवर आली. राती घड्याळाला किल्ली द्यायची मी इसरलो, मागं पडलं त्ये. माझीच चूक." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, बैलांना पानी दावा जावा." मी गेलो. मी बैलांना पाणी दाखवलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. या सगळ्या लिखाणात हेच वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली माणसं जमली होती. मंगळवारच्या ओळीपुढं आबांनी आपल्या हातानं शेरा लिहिला होता: "गाडी वेळेवर. आबा उशिरा." गाव पोट धरधरून हसलं. बसऱ्यापासून तीस वर्षं जपलेली अब्रू त्या माणसानं खडूनं चार शब्दांत पुसून टाकली होती. पुढं कित्येक महिने कुणी शेतावर उशिरा आला की विचारत, "काय गड्या, आबा झालास व्हय?" एकदा कराडचा तो ड्रायव्हर मोटारीतूनच ओरडला, "आबा, तुमच्यापुढं आता काय लिवायचं? द्येवाला ठाऊक?" आबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी त्या वेळी तिथंच उभा होतो, हातात नवं वेळापत्रक होतं. त्या माणसांना एक वाक्य सांगितलं असतं तर पुरे होतं. मी वेळापत्रकाचं पान उलटलं.

आबांनी मला कधी बोल लावला नाही. फक्त त्या दिवसानंतर तीन तासांचे चार तास झाले, आणि ते बसऱ्याचं घड्याळ त्यांनी मला देऊन टाकलं. "शिकल्याल्या मानसापाशी असावं," असं म्हणाले. त्यात टोमणा होता का, हे मी खूप शोधलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी गावातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं मद्रासला विमानानं जायचं ठरवलं. लढाईनंतर विमानं सगळ्यांसाठी सुरू होणार, अशा बातम्या येत होत्या. कोट घालून, हार घालून, चिंचेखालून तो मुंबईला गेला, आणि सहाव्या दिवशी कोळशानं काळा होऊन कराडच्या मोटारीतून उतरला. पहिल्या दिवशी विमानाची वेळ बदलली, दुसऱ्या दिवशी ढग आले, तिसऱ्या दिवशी विमानच दुसरीकडं गेलं, चौथ्या दिवशी रद्द. आबांचा चेहरा उजळला. "आभाळातबी रद्द असतंय?" मग त्यांनी गंभीर होऊन विचारलं, "किती आदी गेला हुता?" "अर्धा तास." "तीन तास आदी जायाचं." "आवं आबा, दिवसभर बसलो असतो तरी रद्दच हुतं की त्ये!" आबा म्हणाले, "व्हय. पर आपल्याकडनं कसूर ऱ्हायली नसती." बाकीचे हसले. मी चिंचेच्या पानांकडं बघत राहिलो.

त्याच थंडीत आबा आजारी पडले. छातीत कफ, अंगात ताप, उठवेना. पलूसच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलवा. मी रंगूनला तार केली. दाजींची उलटतार आली: रजा मंजूर, लष्कराच्या विमानात जागा मिळाली आहे, बुधवारी निघतो. मी शाळेत रजा टाकून तिथंच राहिलो होतो, आणि पाटी लिहायचं काम आता माझ्याकडं आलं होतं. बुधवारी दुसरी तार आली. विमान रद्द. आबांनी अंथरुणातून विचारलं, "पाटीवर लिवलं का?" मी म्हटलं, "पाटी मोटारींची आहे, आबा." "लिवा. आन् मोटारीच्या वर लिवा. आभाळातलं हाय त्ये." तेव्हा आमच्या त्या फळीवर, तासगावच्या मोटारीच्या डोक्यावर, "रंगून विमान. रद्द" अशी ओळ उमटली. या वेळी गावात कुणी हसलं नाही. येणारा जाणारा आधी ती ओळ वाची आणि मग आपल्या मोटारीची बघे.

गुरुवारी तार आली, वेळ बदलली, विमान शनिवारी दुपारी दोनला. मी ती वाचून दाखवली. आबांनी डोळे मिटले होते. "दोन म्हंजे कुठलं दोन? रंगूनचं का आपलं?" "रंगूनचं. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढं असतं." आबांनी डोळे उघडले. मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आसू दे. मास्तर, ह्या खेपंला काट्याला हात लावू नगा." मी तारेची घडी घातली. अक्का चुलीपाशी होती, ऐकू गेलं असतं. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी..." "पाटी लिवून या आदी," ते म्हणाले. "लोकं खोळंबत्यात." मी पुन्हा गेलो.

शुक्रवारी सकाळी त्यांना हुशारी वाटली. त्यांनी अक्काला पटका मागितला, बंडी घालून घेतली, आणि दाराकडं तोंड करून तक्क्याला टेकून बसले. अक्का म्हणाली, "मामंजी, विमान उद्याचं हाय. आन् तितनं हितवर यायला आनखी चार दिवस." "ठाव हाय," आबा म्हणाले. "तयार असल्यालं बरं." दुपारी तिला वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागला. शनिवारचं विमान पुन्हा रद्द झालं. ते सुटलं सोमवारी. आबांना इतक्या लवकर निघायची खरंच काही गरज नव्हती.

दाजी त्यापुढच्या शुक्रवारी येणार असं कळलं. दुपारच्या मोटारीनं, दीडला. मी आबांचं घड्याळ घेऊन बरोबर दीडला चिंचेखाली पोचलो. मोटार त्या दिवशी वीस मिनिटं आधी येऊन गेली होती. लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. दाजी पाटीखाली आपल्या ट्रंकेवर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. आबांचं त्यांना कळलेलं नव्हतं; शनिवारपासून ते विमानतळावरच जाऊन बसले होते, आणि माझी तार पलटणीत पडून राहिली होती. मी शब्द जुळवत होतो. ते म्हणाले, "सांगू नका, मास्तर. मोटारीतनं उतरलो आन् हितं कुनीच न्हाई. आबा न्हाईत." त्यांनी धुरळ्यानं भरलेल्या मोकळ्या जागेवरून नजर फिरवली. "तवाच समजलं."

आम्ही ट्रंक उचलून निघालो. वाटेत त्यांनी विचारलं, "मला आबांनी कागदात लिव्हलं हुतं, त्या दिशी किल्ली द्यायची ऱ्हायली म्हनून. आबा कसं इसरलं हो?" घड्याळ माझ्या खिशात टिकटिकत होतं, त्यांना ऐकू येत असणार. मी म्हणालो, "वय झालं होतं." दाजींनी मान हलवली. पुढं अंगणात पोर उभी होती, आणि तिनं या परक्या माणसाला पाहून अक्काच्या पदरात तोंड लपवलं.

आता मोटारी बऱ्या चालतात. फळी कुणीतरी गोठ्याला लावली. मी अक्काकडं जातो तेव्हा परतीच्या गाडीच्या तीन तास आधी स्टेशनावर जाऊन बसतो. आबांचं वय झालं नव्हतं, त्यांनी किल्ली दिली होती, आणि काटा मी फिरवला होता. दाजी आणि अक्का हे वाचतील. मला तोंडानं सांगता आलं नाही. परवा तोच जुना हमाल माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, गाडीला लय येळ हाय की अजून." मी म्हटलं, "माहीत आहे." त्यानं बाकावरची धूळ उपरण्यानं झटकली, आणि मी थोडा सरकून बसलो, शेजारी आणखी एका माणसाला जागा होईल एवढा.